रेडिओभोवतीची शाळा

१९५६ सालच्या आरंभी, जानेवारीतील गोळीबाराने मुंबई हादरून गेलेली असताना आणि राज्यपुनर्रचनेच्या वादाने चावडीपासून विधानसभेपर्यंत सर्वांची मने व्यापून टाकलेली असताना, पुणे आकाशवाणी केंद्राच्या टप्प्यात येणाऱ्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत, कोणताही गाजावाजा न होता, एक शांत उद्योग सुरू झाला. फेब्रुवारीत आरंभलेला हा उद्योग एप्रिलपर्यंत दहा आठवडे चालला. ते दिवस ज्वारीच्या खळ्यांचे. तरीही आठवड्यातून दोन सायंकाळी गावातील वीसेक माणसे ठरलेल्या जागी एका रेडिओ संचाभोवती बसत, पुण्याहून अर्धा तास जे सांगितले जाई ते ऐकत, आणि रेडिओ बंद झाल्यावर घराकडे न वळता त्याच जागी, कंदिलाच्या उजेडात, ऐकलेल्या गोष्टीचा खल करीत. त्या खलातून निघालेले प्रश्न, शंका आणि ठराव त्यांच्यापैकीच एकजण कागदावर उतरवून घेई. तो कागद टपालाने पुण्यास जाई. आणि पुढील एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना ध्वनिक्षेपकावरून उत्तरे मिळत. असे वीस कार्यक्रम झाले.

आज राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठातला एखादा कीटकशास्त्रज्ञ आपल्या मेजासमोर बसून बोलतो आणि शेकडो शेतकरी, कोणी बांधावर तर कोणी ओसरीवर बसून, हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर त्याचे व्याख्यान पाहतात. ह्या प्रकाराला आपण ऑनलाइन प्रशिक्षण, वेबिनार, डिजिटल शेतीशाळा अशी नावे देतो आणि २०२० सालच्या टाळेबंदीने ही प्रथा जन्मास घातली असे सर्रास समजतो. ही समजूत अपुरी आहे. शेतीचे आणि निसर्गाचे शास्त्र दुरून, शिक्षक समोर नसताना, रयतेच्या कानी घालण्याच्या खटपटीला ह्या मुलखात जुनी वंशावळ आहे, आणि त्या वंशावळीत १९५६ चा पुणे येथील प्रयोग मूळपुरुष नसला तरी कर्ता पुरुष आहे असे माझे मत आहे. त्याची हकीकत विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण त्या दहा आठवड्यांत जे साधले होते ते आपण पुढच्या वाटचालीत गमावून बसलो.

मूळपुरुष शोधायचा तर १८८३ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला आणि त्यातील मजकूर पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे स्वतः वाचून दाखवला. ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला त्यांच्यातील बहुसंख्यांना अक्षर ओळखता येत नाही हे दुःख ज्याच्या लेखणीच्या मुळाशी होते, त्याने छापखान्यावर विसंबून राहणे शक्यच नव्हते. म्हणून त्याने ग्रंथाला कंठ दिला. ‘असुडा’ची ख्याती शेतसारा, सावकारी आणि कारकुनी जुलूम ह्यांच्या पंचनाम्यासाठी आहे, आणि ती सार्थ आहे, परंतु त्यात शेतीशास्त्राचाही एक सुसंगत विचार आहे त्याकडे वाचकांचे लक्ष कमी जाते. डोंगरमाथ्यावरचा पालापाचोळा कुजून आणि किडामुंगी मरून जे सत्त्व तयार होते ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांतून वाया जाते, ते शेतातच मुरावे म्हणून जागोजाग ताली आणि बंधारे बांधावेत; हे काम लष्करातील व पोलिसांतील फावल्या वेळच्या शिपायांकडून करवून घ्यावे; जंगल खात्याने अडवून ठेवलेली चराऊ राने गुराशेरडांस मोकळी करावीत; प्रदर्शने भरवून उत्तम शेती करणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत, अशा सूचना त्यात आहेत. डोंगर, पाणी, माती, गुरे आणि मनुष्य ही एकाच व्यवहाराची अंगे आहेत ही दृष्टी, जिला आज आपण परिसंस्थेचे शास्त्र म्हणतो, ओतूर आणि जुन्नरच्या श्रोत्यांच्या कानी त्यांच्याच बोलीत पडली होती. त्या श्रोत्यांनी काय विचारले, काय आक्षेप घेतले, हे लिहून घेणारा मात्र तेथे कोणी नव्हता.

सरकारदरबारी ह्या विषयाची नोंद झाली ती दुष्काळाच्या धाकाने. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली प्रांतोप्रांती शेतकी खाती स्थापन करण्याची शिफारस केली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्याआधीच, १८७९ साली, शेतकीचा वर्ग निघाला होता. ह्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या तरुणांची नजर शेताकडे कमी आणि महसूल खात्यातील जागांकडे अधिक असे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण वर्गात जे शिकवले जाई ते विलायतेच्या मातीवर बेतलेले असे. १८८९ साली डॉ. जॉन व्होएल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची तपासणी करून सुधारणा सुचवण्यासाठी इंग्लंडहून पाठवण्यात आला. गावोगाव फिरून त्याने १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात येथील चांगला शेतकरी इंग्लंडातील सर्वसाधारण शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, किंबहुना काही बाबतींत त्याहून सरस आहे, असा निर्वाळा त्याने दिला. शिकवण्यास आलेल्या माणसाने शिकणाऱ्याचे मोठेपण इतक्या निःसंदिग्ध शब्दांत कबूल करावे हे विरळा घडते. पण सरकारी दफ्तरात तो अहवाल जतन झाला तसा सरकारी शिरस्त्यात उतरला नाही.

ह्या शिरस्त्याला छेद देणारा एक मनुष्य पुण्यात होता, आणि त्याच्याविषयी लिहिताना हात आखडता घेणे मला जमणार नाही. डॉ. हॅरल्ड मॅन हा आसामच्या चहाच्या मळ्यांत शास्त्रज्ञ म्हणून काम करून १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून आला, पुढे मुंबई इलाख्याचा शेतकी संचालक झाला आणि १९२७ साली सेवानिवृत्त झाला. सहकाऱ्यांना बरोबर घेऊन तो पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या खेड्यात गेला आणि तेथील प्रत्येक घराची जमीन, कर्ज, उत्पन्न, खर्च ह्यांची तपशीलवार टिपणे काढून त्याने १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकर होते ते १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आले होते, आणि तेही सलग नव्हे तर वाटण्यांमागून वाटण्या होऊन तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर जे लोखंडी नांगराचे आणि खतांचे प्रयोग चालत ते अशा तुकड्यावर कसे उतरावेत, हा प्रश्न मॅनने विचारला. म्हणजेच शेतकऱ्यास काय शिकवावे ह्याच्या आधी शेतकरी कोणत्या जागी उभा आहे हे त्याने पाहिले. त्या पिंपळे सौदागरच्या शिवारात आज संगणक व्यवसायातील नोकरदारांच्या सदनिकांचे मनोरे उभे आहेत. ज्या गावाने शेतीच्या अभ्यासाला अभ्यासपद्धती दिली त्या गावात नांगर उरलेला नाही. मात्र ज्या यंत्रणेवरून आज शेतीचे वर्ग भरतात तिच्यावर काम करणारी माणसे तेथे राहतात.

१९२६ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला शेतकी आयोग, १९२८ साली आलेला त्याचा भलाथोरला अहवाल आणि त्यातून पुढल्याच वर्षी निघालेली कृषी संशोधन परिषद ह्यांचे महत्त्व संशोधनाच्या इतिहासात मोठे असले तरी प्रस्तुत विषयापुरते ते मर्यादित आहे. संशोधन वाढले, प्रयोगशाळा वाढल्या, आणि प्रयोगशाळा व चावडी ह्यांमधले अंतरही वाढले. ते अंतर तोडण्यासाठी स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या गांधीजयंतीस समुदाय विकास योजना सुरू झाली, आणि १९५३ च्या गांधीजयंतीस राष्ट्रीय विस्तार सेवा. ग्रामसेवक नावाचा नवा कर्मचारी सायकलवरून गावोगाव हिंडू लागला. त्याच दिवशी, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुण्याचे आकाशवाणी केंद्रही सुरू झाले. एकीकडे गावात पोहोचणारे पाय आणि दुसरीकडे गावात पोहोचणारा आवाज एकाच तिथीस निघाले, पण त्यांची गाठ पडायला अडीच वर्षे जावी लागली.

ती गाठ घालून देणारी कल्पना कॅनडातून आली. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे राष्ट्रीय पातळीवर चालत असत: दूरदूर विखुरलेल्या घरांतील शेजारी हिवाळ्यात एकाच्या घरी जमत, आधी टपालाने आलेली पुस्तिका वाचत, मग रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले मत केंद्राकडे कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा हे त्यांचे सूत्र होते. युनेस्कोला ही पद्धत नवस्वतंत्र देशांत चालेल काय हे पाहावयाचे होते. आकाशवाणीने त्यासाठी पुणे केंद्र निवडले आणि सूत्रातला पहिला शब्द गाळून टाकला. आपल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते, तेव्हा ऐका, चर्चा करा, कृती करा एवढेच सूत्र उरले. एक शब्द कमी झाला म्हणून पद्धत लंगडी होईल अशी शंका कोणासही आली असती, घडले उलट. अक्षरशत्रू मानल्या गेलेल्या माणसाच्या पदरी अनुभवाचे जे संचित असते त्याला चर्चेत अक्षरांचा अडसर राहिला नाही.

ह्या प्रयोगाशी दोन माणसांची नावे जोडलेली आहेत. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे सनदी अधिकारी तर होतेच, पण ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक म्हणून हिंदी साहित्यात त्यांना मानाचे स्थान होते. आवाजाने प्रसंग कसा उभा राहतो हे नाटककाराला शिकवावे लागत नाही. दुसरे पॉल न्यूराथ. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आलेल्या ह्या व्हिएन्नाच्या समाजशास्त्रज्ञाने तारुण्यात नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्या भोगल्या होत्या. त्यांचे वडील ओट्टो न्यूराथ हे विख्यात तत्त्वज्ञ. अल्पशिक्षित कामगारांना देशाचे आकडे समजावेत म्हणून त्यांनी चित्रांची एक स्वतंत्र लिपीच घडवली होती. बापाने ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी चित्रे काढली, आणि लेक ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्या ज्ञानाचे मोजमाप करण्यासाठी देशावरच्या खेड्यांत हिंडला, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो. माथुर आणि न्यूराथ यांचा संयुक्त अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

मोजमापाची रीत अशी होती. प्रयोगातील काही गावे निवडून तेथील लोकांना कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर त्याच त्या विषयांवरचे प्रश्न विचारण्यात आले. त्यांच्या जोडीला श्रोतृमंडळ नसलेली गावेही घेतली, त्यांतील काहींत सार्वजनिक रेडिओ होता आणि काहींत तोही नव्हता. निष्कर्ष डोळ्यांत भरण्याजोगा निघाला. मंडळांच्या गावांत माहितीची भर फार मोठी पडली होती. पण जेथे नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते तेथे ती अगदी किरकोळ होती. ह्यातला अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. तोच आवाज, तेच शब्द, तोच तज्ज्ञ दोन्ही ठिकाणी पोहोचला होता. फरक पडला तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या वेळात. त्या वेळात एकाने सांगितलेले दुसऱ्याने पारखले, तिसऱ्याने आपल्या मळ्यातला दाखला देऊन खोडले किंवा उचलून धरले, आणि मग ते गावाचे झाले.

आणखी एक गोष्ट ह्या अहवालात नोंदलेली आहे, जिची अपेक्षा योजनाकर्त्यांनीही केली नसावी. ही मंडळे ऐकण्यापुरती राहिली नाहीत. ती निर्णय घेऊ लागली, आणि गावकीची कामे मार्गी लावण्यात काही ठिकाणी ती निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही तडफदार ठरली. मंडळात कोणासही हुद्द्याचा मान नव्हता, कोणासही मते मिळवायची नव्हती, आणि पुण्याला कळवलेला ठराव सर्व गावांच्या कानांवर पडण्याचा संभव होता, ह्या कारणांमुळे असे घडले असावे असा माझा तर्क आहे. उणिवाही होत्या. मंडळे बहुतांशी पुरुषांची होती; ज्या बायका बियाणे राखत, निंदणी-खुरपणी करीत, गुरांचे दुखणे प्रथम ओळखत त्यांचे ज्ञान त्या वर्तुळाबाहेर राहिले. शिवाय प्रयोग दहा आठवड्यांचा होता, आणि संयोजक ताज्या उमेदीचे होते.

नोव्हेंबर १९५९ मध्ये आकाशवाणीने ही मंडळे देशभर सुरू केली, आणि येथेच त्यांचा ऱ्हास सुरू झाला. मंडळांची संख्या हजारांत गेली. पण गावोगाव जाऊन मंडळ जिवंत ठेवणारी, पत्रे वाचून तज्ज्ञांकडे पोहोचवणारी आणि उत्तर वेळेवर मिळेल असे पाहणारी माणसे त्या प्रमाणात नेमली गेली नाहीत. कित्येक मंडळे सरकारी नोंदवह्यांतच उरली. हप्ता मागे पडलेल्या तगाईची वसुली जशी कागदावर चालू राहते तशी ही मंडळेही कागदावर चालू राहिली. कॅनडातील मूळ उपक्रमही १९६५ साली बंद पडला. रेडिओचे सामर्थ्य कमी झाले होते असे मात्र नाही. साठोत्तरी दशकात तंजावरच्या शेतकऱ्यांनी एडीटी २७ नावाचे भाताचे नवे वाण आकाशवाणीवर ऐकून इतके उचलले की त्याला रेडिओ तांदूळ हेच नाव पडले. आपल्याकडेही ‘माझं घर, माझं शेत’ ऐकल्यावाचून ज्यांची सायंकाळ सरत नसे अशी घरे पुष्कळ होती. पण ते ऐकणे एकेका घराचे होते, आणि त्यातून पुण्या-मुंबईकडे परत जाणारा कागद जवळजवळ थांबला होता.

हा परतीचा कागद सरकारी यंत्रणेबाहेर एका शिक्षकाने जिवंत ठेवला. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी साठोत्तरी काळात ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्याची घटना नव्हती, वर्गणी नव्हती, मुख्य कचेरी नव्हती. स्वतःच्या शेतात काही करून पाहणारा आणि जे दिसले ते दुसऱ्यास कळवणारा प्रत्येकजण परिवाराचा सभासद. तासगावच्या बाजूचे द्राक्ष-बागायतदार आपल्या वेलींच्या छाटणीचे, डोळे फुटण्याचे, घड धरण्याचे निरीक्षण एकमेकांस सांगू लागले, आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेल्या ह्या मंडळींनी द्राक्षशेतीत जे ज्ञान निर्माण केले त्याची दखल पदवीधरांना घ्यावी लागली. ‘विपुलाच सृष्टी’ ह्या ग्रंथात दाभोलकरांनी मांडलेला विचार असा की पानावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा हिशेब ज्याने शिकून घेतला त्याला दहा गुंठ्यांतही कुटुंबाचे पोट भरता येईल. मॅनने पिंपळे सौदागरात जमिनीचे तुकडे मोजून जी चिंता व्यक्त केली होती, तिला गणिताच्या एका शिक्षकाने दिलेले हे उत्तर आहे, असे मी मानतो. ते सर्वांना लागू पडते असे नव्हे. परंतु तुकड्यावर उभ्या असलेल्या माणसाला प्रयोगकर्ता मानूनच ते दिलेले आहे, ह्यात त्याची थोरवी आहे.

पुढच्या टप्प्यांची येथे नुसती यादीच देता येईल, कारण त्यांत साधने बदलली, संबंधाचे स्वरूप फारसे बदलले नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन आले आणि ‘आमची माती आमची माणसं’ ह्या कार्यक्रमाने शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर शेत उभे केले. १९७४ पासून कृषी विज्ञान केंद्रे निघाली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन घरी राहून शेतीचा अभ्यासक्रम पुरा करण्याची सोय झाली. २००४ च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि दूरध्वनीवरून प्रश्न विचारण्याचा मार्ग खुला झाला. ह्यांपैकी शेवटच्या सोयीत प्रश्न परत जातो खरा, पण एका माणसाचा, एका वेळी, एकांतात. त्याच्या उत्तराचा लाभ शेजाऱ्यास होत नाही.

शेतीशाळा हा आज रूढ झालेला शब्द मात्र निराळ्या वाटेने आला, आणि त्या वाटेवर पर्यावरणशास्त्राचा एक मोलाचा धडा आहे. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्याने हाहाकार उडवला होता. फवारण्या वाढवल्या तसा तुडतुडाही वाढला, कारण त्याला खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक औषधाने आधी मरत. १९८६ साली तेथील सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या शाळा बांधावरच भरू लागल्या. तेथे व्याख्यान नसे. दर आठवड्यास पाच-सहा जणांचा गट भातात उतरे, रोपावरचे शत्रुकीटक आणि मित्रकीटक मोजी, मोठ्या कागदावर रोपाचे चित्र काढून त्याच्या एका बाजूस हे आणि दुसऱ्या बाजूस ते मांडी, आणि फवारावे की थांबावे ह्याचा निर्णय त्या चित्रापुढे उभे राहून घेई. ज्याने कोळी मोजला तो औषधाच्या दुकानदाराच्या सल्ल्यावर पूर्वीसारखा विसंबून राहत नाही. महाराष्ट्राच्या कृषी खात्याने हीच पद्धत उचलली. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन पाने खाणाऱ्या अळीने उद्ध्वस्त केले त्यानंतर, २००९ पासून, क्रॉपसॅप ह्या प्रकल्पात ठरावीक शेतांतील किडींची नोंद नियमाने संगणकावर चढू लागली, ती विद्यापीठांतील तज्ज्ञ पाहू लागले, आणि त्यांचा सल्ला लघुसंदेशाने शेतकऱ्यांकडे जाऊ लागला. येथे निरीक्षण शेतातून वर गेले आणि सल्ला खाली आला. पुण्याच्या टपालपेटीशी असलेले त्याचे नाते स्पष्ट आहे.

असे असूनही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या वेळी हातोहाती मोबाइल होते, लघुसंदेश जात होते, मार्गदर्शक पत्रके निघत होती. डोक्याच्या वर वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या मजुराला वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, दोन औषधे एकत्र करू नयेत, अंगावर ओला सदरा ठेवू नये, हे सांगणारे कोणी समोर नव्हते. संदेश जमिनीच्या मालकाच्या क्रमांकावर गेला होता आणि पंप भूमिहीनाच्या पाठीवर होता. ज्ञान किती दूर पोहोचले हे विचारताना ते नेमके कोणाकडे पोहोचले हे विचारलेच पाहिजे, आणि ह्या प्रश्नापुढे आपली सर्व साधने अपुरी पडली हे कबूल करणे आपले कर्तव्य आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, कृषी विद्यापीठांचे वर्ग पडद्यावर गेले, आणि त्यांच्यामागोमाग शेतकरी मेळावे, पीक परिसंवाद, मृदा आणि जैवविविधतेवरील व्याख्यानेही. ह्या उपक्रमांविषयी माझ्या मनात आदर आहे. गडचिरोलीच्या मुलीला आजरा तालुक्यातील भातवाणांच्या संग्राहकाचे बोलणे घरबसल्या ऐकता यावे, हे सामर्थ्य फुल्यांच्या हाती असते तर ओतूरच्या सभेत त्यांनी त्याचा काय उपयोग केला असता ह्याची कल्पना करून पाहावी. परंतु बहुतेक ठिकाणी घडते ते असे की वक्ता तासभर बोलतो, शेवटी पाच मिनिटे शिल्लक राहतात, काही प्रश्न टंकून येतात, त्यांतील दोनतीन वाचले जातात, आभार मानले जातात आणि पडदा काळा होतो. १९५६ साली जेथे शाळा सुरू होत असे तेथे आज ती सुटते. ऐकणारा एकटा असतो; त्याच्या शेजारच्या बांधावरचा माणूसही तेच व्याख्यान एकटाच ऐकत असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. दीडशे गावांतील मंडळांना जे अर्ध्या तासात मिळत होते ते ह्या एकट्या श्रोत्याला दोन तासांतही मिळणार नाही, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. उपाय काही खर्चिक नाही. विद्यापीठाने व्याख्यानाचा दुवा पाठवताना तो एकेका क्रमांकावर न पाठवता गावातील एका ठिकाणी दहावीस स्त्रीपुरुषांनी, जमीनधारकांनी आणि मजुरांनीही, एकत्र बसून पाहावे अशी विनंती करावी. व्याख्यान अर्ध्या तासात आटपावे. उरलेला वेळ गावाला द्यावा. आणि त्या बैठकीतून आलेल्या प्रश्नांनी पुढच्या आठवड्याचे व्याख्यान सुरू करावे.

एक काम तर ह्याहूनही निकडीचे आहे. त्या फाल्गुन-चैत्रात मंडळात बसलेली प्रौढ माणसे आता बहुधा हयात नसतील. पण त्यांच्या पाठीशी उभे राहून, रेडिओच्या हिरव्या दिव्याकडे पाहत, मोठ्यांचे वादविवाद ऐकणारी दहा-बारा वर्षांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. देशावरच्या ज्या वाचकांच्या घरी असे कोणी वडीलधारे असेल त्यांनी एखाद्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसावे, कोणत्या गोष्टीवरून कोण भांडले, पुण्याला काय लिहून पाठवले आणि उत्तर आल्यावर गावाने काय केले हे विचारून घ्यावे, आणि तो कागद आपल्या जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तारखेनिशी ठेवून द्यावा.